कॅम्बेल, कार्लिन कोर्स

अमेरिकन संज्ञापनविदुषी व वक्तृत्वसमीक्षक. स्त्रियांची सार्वजनिक भाषणे हा वक्तृत्वशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून प्रस्थापित करणाऱ्या विद्वानांत तिची गणना अग्रक्रमाने होते. जन्म १९३७ मध्ये मिनेसोटा राज्यातील ब्लॉमकेस्ट येथे. शिक्षण मॅकॅलेस्टर महाविद्यालय (सेंट पॉल) व मिनेसोटा विद्यापीठ येथे. १९६८ मध्ये तिने पीएच्.डी. ही पदवी मिळविली. पुढे कॅनझस विद्यापीठात आणि १९८६ पासून मिनेसोटा विद्यापीठात तिने अध्यापन केले. लिंगभाव व वक्तृत्व यांच्या संबंधांवरील तिच्या लेखनातून ‘स्त्रीशैली’ ही संकल्पना रूढ झाली. तर स्त्रियांच्या भाषणांच्या उपलब्ध संहिता कोणी, केव्हा व कशासाठी सिद्ध केल्या, या प्रश्नाच्या तिने केलेल्या विवेचनामुळे सार्वजनिक स्मृतीच्या अभ्यासालाही महत्त्वाची सामग्री मिळाली.

पार्श्वभूमी : ग्रीकांपासून चालत आलेले वक्तृत्वशास्त्र न्यायालय, लोकसभा व सार्वजनिक समारंभ या तीन स्थळांभोवती वाढले. ॲरिस्टॉटलने केलेले वक्तृत्वाचे त्रिविध वर्गीकरणही याच स्थळांना अनुसरून आहे. या तिन्ही ठिकाणी स्त्रीला बोलण्याचा अधिकार नव्हता. त्यामुळे उत्तम वक्त्याची जी लक्षणे शास्त्रात सांगितली गेली, ती पुरुष वक्त्यांना पाहूनच ठरली आणि पुढे शतकानुशतके तीच सर्वसामान्य लक्षणे म्हणून शिकविली गेली. अमेरिकेतही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वक्तृत्वाच्या इतिहासग्रंथांतून वेब्स्टर, लिंकन अशा राज्यकर्त्यांची व धर्मोपदेशकांची चरित्रे प्रामुख्याने आढळतात. स्त्रियांचा उल्लेख एखाद्या प्रकरणापुरताच असे.

वस्तुतः एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन स्त्रियांना व्यासपीठ मिळाले, ते मोठ्या संघर्षानंतर. चर्चमध्ये स्त्रीने मौन पाळावे, या सेंट पॉलच्या वचनाचा आधार घेऊन स्त्रियांच्या जाहीर भाषणांना विरोध केला जाई. विशेषतः स्त्रीपुरुषांच्या संमिश्र सभेपुढे स्त्रीने बोलणे, हे शीलाला बाधक समजले जाई. मारिया स्ट्यूअर्ट या कृष्णवर्णी स्त्रीने १८३२ मध्ये बॉस्टन येथे अशा सभेपुढे भाषण केले. परंतु पुढच्याच वर्षी तिला ते शहर सोडावे लागले. दक्षिणेकडील गुलाममालकांच्या घराण्यात जन्मलेल्या सेअरा व अँजेलिना ग्रिम्की या भगिनी गुलामगिरीविरुद्ध व्याख्याने देऊ लागल्या, तेव्हा मॅसॅचूसेट्समधील काँग्रिगेशनल धर्मगुरूंनी १८३७ मध्ये एक पत्रक काढून स्त्रियांच्या अशा वर्तनाचा निषेध केला. अँजेलिनाने फेब्रुवारी १८३८ मध्ये त्याच राज्याच्या विधिमंडळाच्या समितीपुढे भाषण केले. त्याच वर्षी १६ मे रोजी फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया हॉलमध्ये ती बोलत असता बाहेरचा जमाव खिडक्यांवर दगडफेक करीत होता; दुसऱ्या रात्री ती नवी इमारतच जाळून टाकण्यात आली. लंडन येथे १८४० मध्ये भरलेल्या जागतिक गुलामगिरीविरोधी परिषदेत तर रीतसर निवडून आलेल्या अमेरिकन स्त्री-प्रतिनिधींना प्रतिनिधी म्हणून मान्यता नाकारण्यात आली व त्यांना केवळ प्रेक्षक म्हणून बसावे लागले. गुलामांच्या मुक्तीसाठी बोलू पाहणाऱ्या स्त्रियांना आपल्या बोलण्याच्या हक्कासाठी आधी भांडावे लागले, ही गोष्ट कॅम्बेलच्या विवेचनात पायाभूत आहे.

या परिस्थितीतून स्त्री-वक्त्यांपुढे जो पेच निर्माण झाला, त्याचे तिने मार्मिक विश्लेषण केले आहे. वक्त्याकडून निर्भयता, तर्कशुद्धता, विषयावरील प्रभुत्व व अधिकारवाणी यांची अपेक्षा केली जाते. याउलट त्या काळच्या आदर्श स्त्रीची लक्षणे धर्मपरायणता, पावित्र्य, आज्ञाधारकता व गृहदक्षता ही होती. प्रभावीपणे बोलणारी स्त्री स्त्रीत्वाला पारखी झाली असे म्हटले जाई आणि मर्यादशील स्त्रीचे म्हणणे कोणी गंभीरपणे घेत नसे. आपले म्हणणे मांडण्यापूर्वी आपण बोलण्यास पात्र आहोत व बोलूनही स्त्रीच राहिलो आहोत, हे सिद्ध करण्याचे ओझे पुरुष वक्त्यावर कधीच पडले नाही.

स्त्रीमुक्तीचे वक्तृत्व : ‘द ऱ्हेटॉरिक ऑफ विमेन्स लिबरेशन : ॲन ऑक्सिमोरॉन’ हा कॅम्बेलचा निबंध क्वार्टर्ली जर्नल ऑफ स्पीच या नियतकालिकात १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या सुमारास अमेरिकेत स्त्रीमुक्ती चळवळ ऐन भरात होती. चळवळींच्या वक्तृत्वाचा अभ्यास करण्याची तेव्हाची रीत नेता, मंच, घोषणा व श्रोतृसमुदाय यांवर भर देणारी होती. स्त्रीमुक्ती चळवळीत मात्र आठ-दहा स्त्रियांनी एखाद्या घरी जमून आपापले अनुभव सांगावेत व त्यांतून व्यक्तिगत वाटणाऱ्या दुःखांचे सामाजिक स्वरूप ध्यानात यावे, अशी पद्धत होती. तीत नेता नव्हता आणि वक्ता व श्रोता यांत भेदही नव्हता. जुन्या निकषांनी पाहता हे वक्तृत्वच ठरत नसे. कॅम्बेलने हा निष्कर्ष नाकारून निकषच अपुरे असल्याचे दाखविले. तिचा आणखी एक मुद्दा असा, की समान वेतनासारखी वरवर सौम्य दिसणारी मागणीही स्त्रीने केली की ती मूलगामी ठरते; कारण मागणी करणे ही क्रियाच स्त्रीविषयक रूढ कल्पनेच्या विरुद्ध जाते. निबंधाच्या शीर्षकातील ‘विरोधाभास’ हा शब्द याच अर्थाने योजिला आहे.

स्त्रीशैली : मॅन कॅनॉट स्पीक फॉर हर (२ खंड, १९८९, म. शी. तिच्या वतीने पुरुष बोलू शकत नाही) हा कॅम्बेलचा प्रमुख ग्रंथ होय. पहिल्या खंडात आरंभीच्या स्त्रीवादी वक्तृत्वाची चिकित्सा असून दुसऱ्यात मूळ भाषणांचे संकलन आहे. ग्रंथाचे शीर्षक एलिझाबेथ केडी स्टँटन हिच्या १८४८ मधील एका भाषणातून घेतलेले आहे.

या ग्रंथात मांडलेली स्त्रीशैलीची उपपत्ती मुळात कारागिरीच्या शिक्षणावर आधारलेली आहे. शिवणकाम, स्वयंपाक, शुश्रूषा, बालसंगोपन इ. कामे पुस्तकी नियमांनी शिकता येत नाहीत. जाणत्या स्त्रीच्या शेजारी बसून, तिचे पाहून, चुकत-माकत आणि परिस्थितीप्रमाणे फेरफार करीत ती हस्तगत करावी लागतात. भाजीत मीठ किती, याचे उत्तर मापापेक्षा अनुभवातून मिळते. ज्या समूहाचे बहुतेक सर्व ज्ञान असे हातातून हातात गेले, त्याच्या बोलण्यातही त्याच रीतीचे प्रतिबिंब पडणार, असे कॅम्बेल म्हणते. अशा भाषणाचा सूर घरगुती व आत्मीय असतो. वक्ता स्वानुभव, दाखले व लहानसहान कथा यांतून सामान्य विधानाकडे जाते. म्हणजे मांडणी विगमनात्मक असते. श्रोत्यांना शिष्य न मानता बरोबरीचे मानले जाते. सांगितलेला अनुभव त्यांनी आपल्या अनुभवाशी पडताळून पाहावा, अशी अपेक्षा असते. श्रोत्याला आपण काही करू शकतो असा विश्वास यावा, हे या शैलीचे अंतिम प्रयोजन होय.

ही शैली स्त्रीदेहातून उपजत येते, असे मात्र कॅम्बेलचे म्हणणे नाही. ती विशिष्ट परिस्थितीत घडलेली असल्याने पुरुषही तिचा अवलंब करू शकतो व कित्येक स्त्रिया तो करीत नाहीत. स्टँटनने १८ जानेवारी १८९२ रोजी काँग्रेसच्या एका समितीपुढे केलेले ‘द सॉलिट्यूड ऑफ सेल्फ’ हे भाषण याचे ठळक उदाहरण. त्यात मताधिकाराच्या नेहमीच्या युक्तिवादांना फारसे स्थान नाही. प्रत्येक मानवी जीव अखेरीस एकाकी असतो. म्हणून त्याला स्वतःचा भार वाहण्याची साधने मिळालीच पाहिजेत, असे तत्त्वचिंतन त्यात आहे. या भाषणाची घडण भावकाव्याची व जीवनदृष्टी शोकात्म असल्याचे मत कॅम्बेलने १९८० मधील एका निबंधात मांडले. कायद्याच्या भाषेत बोलणारी सुझन बी. अँथनी हे दुसरे उदाहरण. नोव्हेंबर १८७२ मध्ये रॉचेस्टर येथे मतदान केल्याबद्दल तिच्यावर खटला झाला व १८७३ मध्ये तिला शंभर डॉलर दंड ठोठावण्यात आला (तो तिने कधीच भरला नाही). खटल्यापूर्वी परिसरातील गावोगावी फिरून तिने दिलेली व्याख्याने एखाद्या विधिज्ञाच्या युक्तिवादासारखी आहेत.

कृष्णवर्णी स्त्री-वक्त्यांसंबंधी १९८६ मधील निबंधात कॅम्बेलने केलेले निरीक्षण अधिक बोलके आहे. आयडा बी. वेल्स हिने १८९२ पासून जमावाकडून होणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या हत्यांविरुद्ध मोहीम उघडली. गोऱ्यांनीच गोऱ्यांच्या वृत्तपत्रांतून छापलेल्या बातम्या व आकडे ती पुरावा म्हणून वापरी, जेणेकरून साक्षीदारावर अविश्वास दाखविण्यास जागा उरू नये. स्त्रीसुलभ दिसण्यासाठी केलेली शैलीची कोणतीही तडजोड तिच्या भाषणात आढळत नाही. आपल्या लोकांचे प्राण वाचविण्याचा प्रश्न समोर असताना स्त्रीत्वाच्या संकेतांची पर्वा करण्यास तिला अवसर नव्हता.

संहितांचा प्रश्न : स्त्रियांच्या वक्तृत्वाचा अभ्यास करू जाणाऱ्यास पहिली अडचण पडते ती भाषणे मिळविण्याची. अध्यक्षांची व सिनेटरांची भाषणे शासकीय वृत्तांतांतून जतन झाली. स्त्रियांच्या सभांचे वृत्तांत चळवळीच्या अल्पायुषी पत्रांतून, हस्तपत्रिकांतून किंवा टवाळी करणाऱ्या वृत्तपत्रांतून शोधावे लागतात. अनेक भाषणे लघुलेखकांच्या टिपणांवर अथवा श्रोत्यांच्या आठवणींवरच अवलंबून आहेत. चळवळीची सर्वांत मोठी साधनसंपत्ती म्हणजे हिस्टरी ऑफ वूमन सफ्रिज (६ खंड, १८८१–१९२२) हा साडेपाच हजारांहून अधिक पृष्ठांचा संग्रह. तोही स्टँटन, अँथनी व त्यांच्या सहकाऱ्यांनीच संपादिलेला. कृष्णवर्णी पुरुषांच्या मताधिकाराला (पंधरावी घटनादुरुस्ती) स्त्रियांना वगळून पाठिंबा द्यावा की नाही, या वादातून १८६९ मध्ये स्त्रीमताधिकार चळवळीत फूट पडली. स्टँटन व अँथनी यांचा पक्ष एका बाजूस, तर ल्यूसी स्टोन हिचा दुसऱ्या बाजूस होता. स्टोनने या इतिहासाला साहित्य पुरविण्यास नकार दिला; तिच्या संघटनेचे प्रकरण अखेर स्टँटनच्या मुलीने, हॅरिएट स्टँटन ब्लॅच हिने, लिहिले. चळवळीची स्मृती कोणत्या बाजूने कललेली असणार, हे यावरून समजते.

कॅम्बेलच्या संपादनाखाली निघालेले विमेन पब्लिक स्पीकर्स इन द युनायटेड स्टेट्स हे दोन चरित्रकोश (१९९३ व १९९४) या अडचणीवरील उपाय म्हणून उपयुक्त ठरले. प्रत्येक वक्तीच्या परिचयाबरोबर तिची भाषणे कोठे व कोणत्या स्वरूपात उपलब्ध आहेत, याचीही नोंद त्यांत आहे.

सोजर्नर ट्रूथचे भाषण : संहिता व स्मृती यांचे नाते किती गुंतागुंतीचे असते, हे एका प्रसिद्ध भाषणावरून दिसून येते. सोजर्नर ट्रूथ (सु. १७९७–१८८३) ही न्यूयॉर्क राज्यातील अल्स्टर परगण्यात गुलाम म्हणून जन्मली. तिचे मूळ नाव इझाबेला. तिचे पहिले मालक डच असल्याने लहानपणी ती डच भाषाच बोले. १८२६ मध्ये ती गुलामगिरीतून निसटली व १८४३ मध्ये तिने नवे नाव धारण करून धर्मप्रचारास आरंभ केला. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. १८५० मध्ये प्रसिद्ध झालेले तिचे आत्मनिवेदन तिने ऑलिव्ह गिल्बर्ट हिला सांगितले. ओहायओ राज्यातील ॲक्रन येथे २८ व २९ मे १८५१ रोजी भरलेल्या स्त्री-हक्क परिषदेत तिने भाषण केले.

या भाषणाचा बऱ्यापैकी सविस्तर असा पहिला वृत्तांत अँटि-स्लेव्हरी ब्यूगल या पत्राच्या २१ जून १८५१ च्या अंकात आला. तो देणारा मारियस रॉबिन्सन हा पत्राचा संपादक असून परिषदेच्या कार्यालयीन कामात सहभागी होता. या पाठात ट्रूथ आपल्या शरीरबळाची व शेतीकामाची ग्वाही देते. बुद्धी कमी-अधिक असली तरी स्त्रीच्या वाट्याचे तिला द्यायला पुरुषांनी का भ्यावे, असे विचारते. ईव्हने जग बिघडविले असेल, तर ते सुधारण्याची संधीही स्त्रीलाच द्या, असा खटकेबाज युक्तिवाद करते. भाषा साधी, प्रमाण इंग्रजी आहे. वृत्तांतात सभेच्या विरोधाचा मागमूस नाही. उलट भाषणाचा श्रोत्यांवर चांगला परिणाम झाल्याचेच नमूद आहे.

आज जगभर माहीत असलेले भाषण हे नव्हे. एप्रिल १८६३ मध्ये हॅरिएट बीचर स्टो हिने ॲटलांटिक मंथली मध्ये ट्रूथवर एक लेख लिहिला. पाठोपाठ २३ एप्रिल रोजी न्यूयॉर्कच्या इंडिपेंडंट या पत्रात फ्रान्सिस डाना गेज हिने ॲक्रनच्या भाषणाचा आपल्या आठवणीतला पाठ प्रसिद्ध केला. गेज त्या परिषदेची अध्यक्षा होती. पण मध्ये बारा वर्षे लोटली होती व अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. गेजच्या कथनात सभागृह खवळलेले आहे, धर्मगुरू टोमणे मारीत आहेत, या बाईला बोलू देऊ नका असे गोऱ्या स्त्रिया अध्यक्षेच्या कानी लागत आहेत. अशा वेळी उंचीपुरी ट्रूथ उभी राहते आणि गाडीत चढताना हात देण्यासारखा मान आपल्याला कधी कोणी दिला नाही, तर आपण स्त्री नाही काय, असा प्रश्न पुनःपुन्हा करते. हे पालुपद १८५१ च्या पाठात कोठेच नाही. गेजच्या पाठात ट्रूथ दक्षिणेकडील मळ्यांवरील गुलामांची म्हणून रूढ झालेली बोली बोलते. प्रत्यक्षात ती दक्षिणेत वाढलेलीच नव्हती. आपल्याला तेरा मुले झाली, असे ती गेजच्या पाठात सांगते. तिला पाच मुले होती, असे चरित्रकार मानतात. गेजचा हा पाठ ट्रूथच्या आत्मनिवेदनाच्या १८७५ च्या आवृत्तीत व नंतर हिस्टरी ऑफ वूमन सफ्रिज च्या पहिल्या खंडात (१८८१) समाविष्ट झाला आणि तोच अधिकृत ठरला. १९७० नंतरच्या स्त्रीवादी चळवळीने तो उचलून धरला. बेल हुक्स हिच्या १९८१ मधील ग्रंथाचे शीर्षकही त्याच प्रश्नावरून घेतलेले आहे. कार्लटन मेबी (१९९३) व नेल अर्व्हिन पेंटर (१९९६) या चरित्रकारांनी दोन्ही पाठ ताडून पाहिल्यावर गेजच्या पाठाची विश्वसनीयता ढासळली.

इतिहासकाराच्या दृष्टीने प्रश्न येथे मिटतो : जुना पाठ ग्राह्य, नवा त्याज्य. कॅम्बेलने ‘एजन्सी : प्रॉमिस्क्युअस अँड प्रोटीअन’ (२००५) या निबंधात मात्र वेगळा प्रश्न उपस्थित केला. जे भाषण त्या रूपात कधी झालेच नाही, ते इतके परिणामकारक कसे ठरले व त्याचे कर्तेपण कोणाचे? तिच्या मते वक्तृत्वातील कर्तेपण एकट्या वक्त्याच्या ठायी नसते. ते समाजाने, भाषेने व उपलब्ध आकृतिबंधांनी घडविलेले आणि त्यांनीच सीमित केलेले असते. वक्ता हा त्या शक्तींचा संधिबिंदू असतो. ते रचनेच्या कौशल्यातून प्रकट होते. आणि त्याचे फळ अनिश्चित, उलटूही शकणारे असते. गेजने नाट्यमय प्रसंगरचना, पालुपद व प्रश्नोत्तरांची लय यांच्या साहाय्याने एक अविस्मरणीय पात्र उभे केले व निरक्षर कृष्णवर्णी स्त्रीच्या वाणीला सामर्थ्य दिले. पण त्याच वेळी बोलीच्या सोंगाने तिला एका ठरीव साच्यातही बसविले. आदर व अवमान असे दोन्ही एकाच रचनेत सामावले आहेत.

या विश्लेषणाचे महत्त्व मान्य करूनही त्यात एक उणीव जाणवते. गेजच्या कलाकृतीचा विचार करताना स्वतः ट्रूथ काहीशी बाजूला पडते. वास्तविक ती आपल्या प्रतिमेबाबत अत्यंत जागरूक होती. चष्मा, शाल, विणकाम अशा प्रतिष्ठित पोशाखात तिने छायाचित्रे काढून घेतली, त्यांचे स्वामित्व १८६४ मध्ये स्वतःच्या नावे नोंदविले आणि ती विकून चरितार्थ चालविला. अक्षरओळख नसलेल्या या स्त्रीने आपली स्मृती कशी राहावी याची केलेली ही तजवीज तिच्या तोंडी घातलेल्या भाषणापेक्षा अधिक विश्वसनीय साक्ष आहे.

स्मृतिस्थळे : चळवळीच्या उगमाची कथाही अशीच मागाहून घडली. सेनिका फॉल्स (न्यूयॉर्क) येथे १९ व २० जुलै १८४८ रोजी भरलेल्या परिषदेत हक्कांचा जाहीरनामा संमत झाला व त्यावर ६८ स्त्रिया आणि ३२ पुरुष यांनी सह्या केल्या. सह्यांची मूळ प्रत सापडलेली नाही. या परिषदेस अँथनी उपस्थित नव्हती. तिची व स्टँटनची भेट १८५१ मध्ये झाली. तरीही दोघींनी मिळून तेथे चळवळ सुरू केली, असा समज दृढ आहे. सेनिका फॉल्सला उगमस्थानाचा मान यादवी युद्धानंतरच्या मतभेदांच्या काळात वार्षिक समारंभांतून व ग्रंथांतून मिळत गेला, असे लिसा टेट्रॉल्ट या इतिहासकार स्त्रीने २०१४ मध्ये साधार दाखविले. या परिषदेच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त १८८८ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय स्त्रीपरिषद भरली, तीस पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. अमेरिकेतील वास्तव्यात (१८८६–८८) पाहिलेली स्त्रियांची शिक्षणसंस्था, उद्योग व संघटना यांतील प्रगती त्यांनी युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त (१८८९) या ग्रंथात मराठी वाचकांपुढे ठेवली. खुद्द परिषद ज्या प्रार्थनामंदिरात भरली, ती वास्तू मात्र पुढे अनेक हातांतून गेली. तेथे काही काळ कपडे धुण्याचे दुकानही होते. १९८० मध्ये तेथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान स्थापन झाले.

वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमधील शिल्पाची कथा अधिक उद्बोधक आहे. ॲडलेड जॉन्सन हिने लुक्रेशिया मॉट, स्टँटन व अँथनी यांचे अर्धपुतळे एकाच संगमरवरी शिळेतून घडविले. मताधिकाराची एकोणिसावी घटनादुरुस्ती १९२० मध्ये अमलात आल्यानंतर, १५ फेब्रुवारी १९२१ रोजी, ते काँग्रेसला अर्पण करण्यात आले. लवकरच ते मुख्य घुमटाखालून हलवून तळघरात ठेवण्यात आले व त्यावरील लेखही पुसला गेला. ते पुन्हा वर येण्यास १९९७ साल उजाडले. त्या वेळी कृष्णवर्णी स्त्रियांच्या संघटनेने शिल्पात ट्रूथला स्थान नसल्याबद्दल आक्षेप घेतला. परिणामी २००९ मध्ये आर्टिस लेन हिने घडविलेला ट्रूथचा अर्धपुतळा कॅपिटॉलच्या अभ्यागत-केंद्रात बसविण्यात आला. कॅपिटॉलमध्ये पुतळ्याचा मान मिळालेली ती पहिली कृष्णवर्णी स्त्री होय. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्येही हाच वाद उद्भवला. मेरेडिथ बर्गमन हिच्या मूळ आराखड्यात फक्त स्टँटन व अँथनी होत्या. टीकेनंतर ट्रूथचा समावेश झाला व २६ ऑगस्ट २०२० रोजी शिल्पाचे अनावरण झाले. मताधिकाराच्या प्रश्नावर तीव्र मतभेद झालेल्या चळवळीतील या तिघी तेथे एका टेबलाभोवती विचारविनिमय करताना दाखविल्या आहेत, हे जाणकारांना खटकल्यावाचून राहत नाही.

आक्षेप व अन्य लेखन : बार्बरा बीसेकर हिने १९९२ मध्ये कॅम्बेलच्या ग्रंथावर मूलगामी आक्षेप घेतला. थोर पुरुषांच्या मालिकेत थोर स्त्रियांची भर घातल्याने मालिकेची कसोटी बदलत नाही. असामान्य व्यक्तींवर लक्ष एकवटल्याने असंख्य सामान्य स्त्रियांचा सामूहिक वाटा दृष्टिआड होतो, असे तिचे म्हणणे. कॅम्बेलने पुढच्याच वर्षी त्याला प्रत्युत्तर दिले. भाषणे उपलब्धच नसतील, तर त्यांवर सिद्धांत कशाच्या बळावर रचणार, हा तिचा प्रतिप्रश्न व्यवहारदृष्ट्या बिनतोड आहे. तथापि बीसेकरचा सामूहिकतेचा मुद्दा २००५ च्या निबंधात कॅम्बेलने आपल्या परीने आत्मसात केलेला दिसतो. बॉनी डाऊ व मारी टॉन यांनी टेक्ससची गव्हर्नर ॲन रिचर्ड्‌स हिच्या भाषणांच्या अभ्यासातून (१९९३) स्त्रीशैलीची संकल्पना आधुनिक राजकारणाला लावून पाहिली व तिच्या मर्यादाही पुढे चर्चिल्या गेल्या. दूरचित्रवाणीच्या काळात पुरुष पुढारीही घरगुती सुरात बोलू लागल्याने ही शैली कितपत स्त्रीविशिष्ट राहिली, असाही प्रश्न उपस्थित झाला आहे.

हिलरी क्लिंटनविषयी लोकांच्या मनात असलेल्या तीव्र द्वेषाची मीमांसा कॅम्बेलने १९९८ मधील एका निबंधात केली. ज्ञान, पुरावा व तर्क यांवर भर देणारे बोलणे पुरुषाला प्रतिष्ठा देते, पण त्याच रीतीने बोलणारी स्त्री कठोर ठरते, हे तिचे निदान एकोणिसाव्या शतकातील पेचाचेच नवे रूप दाखविते. कॅथलीन हॉल जेमिसन हिच्या सहकार्याने लिहिलेला डीड्‌स डन इन वर्ड्‌स (१९९०) हा अध्यक्षीय वक्तृत्वावरील ग्रंथ वेगळ्या विषयाचा असला, तरी प्रत्येक नवा अध्यक्ष उद्‌घाटनाच्या भाषणात भूतकाळातून निवडक मूल्ये वेचून ‘जनता’ या कल्पनेची नव्याने घडण करतो, हे त्यातील विवेचन स्मृतीच्या प्रश्नाशी जुळणारे आहे. निक्सनच्या ३ नोव्हेंबर १९६९ च्या व्हिएटनामविषयक भाषणावर तिचा फोर्ब्‌स हिल याच्याशी १९७२ मध्ये झालेला वादही गाजला. समीक्षकाने भाषणाची परिणामकारकता तेवढी तपासावी, हे हिलचे मत अमान्य करून भाषणातील विधानांच्या सत्यासत्यतेची व नैतिकतेची चिकित्साही समीक्षेचेच काम असल्याचे तिने प्रतिपादिले.

ट्रूथच्या भाषणाचे दोन्ही पाठ आता काही संकलनांतून शेजारी शेजारी छापले जातात. ॲक्रन येथे ज्या चर्चमध्ये परिषद भरली होती, त्याच्या जागेलगत २९ मे २०२४ रोजी तिच्या नावाचे स्मारक-प्रांगण खुले करण्यात आले. तेथील पुतळा वुड्रो नॅश या स्थानिक शिल्पकाराने घडविला आहे.